सीजीओएस रिव्ह्यू: गो बॉटचं रेटिंग काढायला एक नंबर, पण दर महिन्याच्या टूर्नामेंटसाठी वेगळी मांडणी लागते

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. तुम्ही गो खेळणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, लिहिला असेल, किंवा लिहून राहिले असाल, तर सीजीओएस या सर्व्हरवर तो लावाच, फुकट आहे, अन् तुमचा प्रोग्रॅम नेमका किती पाण्यात आहे हे इतकं स्वच्छ सांगणारी दुसरी जागा मला माहीत नाही. पाचपैकी साडेचार. पण तुमच्या डोक्यात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बॉटची ऑनलाइन टूर्नामेंट घ्यायचं असेल, जसं आमच्या नागपूरच्या ग्रुपच्या डोक्यात आहे, तर त्या कामासाठी एकटं सीजीओएस पुरत नाही, तिथे मी तीनच देईन. का ते सविस्तर लिहितो.

ज्यांना गो माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पट 19 बाय 19 रेघांचा, म्हणजे 361 जागा, काळ्या-पांढऱ्या गोट्या आळीपाळीने ठेवायच्या, ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकला. छोटे पट पण असतात, 13 बाय 13 अन् 9 बाय 9. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला काही गुण फुकटचे मिळतात, त्याला कोमी म्हणतात. नागपुरात बुद्धिबळाचं वेड किती आहे ते सांगायला नको, रौनक साधवानी इथलाच, दिव्या देशमुख इथलीच, 2025 च्या जुलैत बातुमीला तिने महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा सगळं शहर जागं होतं. गो मात्र इथे फार कमी जण खेळतात. आमचा ग्रुप मुळात प्रोग्रॅमिंगमधून याच्यात आला, काही जण नोकरीवाले, दोघं-तिघं इंजिनिअरिंगला शिकणारे, अन् एक काका आहेत जे शाळेतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवतात, स्विस पेअरिंग (दर राउंडला सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावणं) अन् टायब्रेक (सारखे गुण झाले तर क्रम ठरवणं) याची सगळी समज आम्हाला त्यांच्याकडूनच आली.

सीजीओएस म्हणजे कम्प्युटर गो सर्व्हर. डॉन डेली नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने हा सुरू केला, हा माणूस मूळचा चेस प्रोग्रॅमवाला, कोमोडो हे चेस इंजिन त्याचंच. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. त्यानंतर सर्व्हर चालू ठेवायचं काम जपानच्या हिरोशी यामाशिता यांनी अंगावर घेतलं, हे आया नावाच्या गो प्रोग्रॅमचे लेखक. म्हणजे मागे कंपनी नाही, जाहिराती नाहीत, फी नाही, एक माणूस गेला तर दुसऱ्याने आपल्या खर्चाने आपल्या वेळात ते उचललं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं अन् म्हणून खाली ज्या उणिवा लिहिल्यात त्या तक्रार म्हणून घेऊ नका, हा सर्व्हर ज्यासाठी बनवलाय त्यात तो चोख आहे, आम्हाला हवं आहे ते काम वेगळं आहे एवढंच.

जोडणी. बॉटला जीटीपी म्हणजे गो टेक्स्ट प्रोटोकॉल यायला हवा, बाकी काही नाही. ही जीटीपी फार साधी गोष्ट आहे, बोर्डसाइझ, क्लिअर-बोर्ड, कोमी, प्ले, जेनमूव्ह अशा पाच-सहा कमांडवर अख्खा डाव चालतो, अन् ती निघाली ग्नू गो प्रकल्पातून, गुन्नर फार्नेबेक यांनी तिचा मसुदा लिहिला. तुमचा बॉट या कमांडना नीट उत्तर देत असेल तर मध्ये एक छोटा क्लायंट प्रोग्रॅम लावायचा, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये नाव, पासवर्ड अन् बॉट सुरू करायची कमांड टाकायची, झालं. वेगळं रजिस्ट्रेशन नाही, नवीन नाव पहिल्यांदा जोडलं की तेच खातं. एक चांगली सोय म्हणजे किल फाइल, ठरलेल्या नावाची फाइल फोल्डरमध्ये ठेवली की क्लायंट चालू असलेला डाव पूर्ण करतो अन् मगच बाहेर पडतो, मधेच उठून प्रतिस्पर्ध्याचा डाव खराब करत नाही. अन् नेट गेलं, परत आलं, तर सर्व्हर आतापर्यंतच्या सगळ्या चाली परत पाठवतो अन् डाव तिथून पुढे सुरू होतो. घड्याळ मात्र थांबत नाही, तेवढा वेळ तुमच्याच खात्यातून जातो.

नागपूरकरांसाठी ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, इन्व्हर्टरवर राऊटर चालतं पण ग्राफिक्स कार्डवाला मोठा पीसी चालत नाही. लॅपटॉप असेल तर तो गरम होऊन आपोआप हळू होतो, म्हणजे बॉट तोच, त्याचं न्यूरल नेटवर्क (चाली सुचवणारं, ट्रेन केलेलं मॉडेल) तेच, पण सकाळी सहाला सेकंदाला जितकी पोझिशन तपासतो त्यापेक्षा दुपारी दोनला कितीतरी कमी. कूलरसमोर ठेवून फायदा नाही, कूलरची हवा ओली असते, मशीनजवळ ती नकोच. आमच्याकडे आता ठरलंय की उन्हाळ्यात बॉटची ताकद मोजायचे डाव रात्री अकरानंतर ते सकाळी सातपर्यंतच लावायचे, अन् त्याच वेळात झालेल्या डावांची एकमेकांशी तुलना करायची.

आता सर्व्हर डाव कसे लावतो ते. सगळे बॉट जोडलेले असतात, सर्व्हर एक राउंड लावतो, रेटिंगने जवळपास असलेल्यांच्या जोड्या करतो, थोडी सरमिसळ ठेवतो, अन् राउंडमधले सगळे डाव संपले की पुढचा राउंड. तुमचा बॉट भरभर खेळणारा असेल तरी बाकीचे संपेपर्यंत तो वाट पाहत बसतो. सुरुवातीला हे चुकीचं वाटतं पण यामुळेच जोड्या नीट लागतात, नाहीतर दोन वेगवान बॉट रात्रभर एकमेकांशीच खेळत राहिले असते. वेळ सडन डेथ, म्हणजे ठरलेली मिनिटं संपली की हरला, ब्योयोमी (वेळ संपल्यावर प्रत्येक चालीला मिळणारे जास्तीचे सेकंद) वगैरे नाही. सगळे डाव एसजीएफ फाइलमध्ये, म्हणजे चालींची नोंद असलेल्या फाइलमध्ये, जमा होतात अन् डाउनलोड करता येतात, हे भांडार म्हणजे नुसतं सोनं आहे, आपला बॉट कुठे कुठे हरला ते सकाळी चहा घेता घेता पाहायचं.

रेटिंग एलो पद्धतीचं, म्हणजे कोणाशी जिंकलात-हरलात त्यावरून आकडा वर-खाली होतो. शिवाय सगळ्या जुन्या डावांवरून बेझएलो नावाच्या प्रोग्रॅमने काढलेली वेगळी यादी असते, हा बेझएलो रेमी कूलोम यांचा, तेच ज्यांनी क्रेझी स्टोन हा गो प्रोग्रॅम लिहिला. ज्यांना वाटतं की दहा-वीस डाव खेळवले की कळलं कोण भारी, त्यांनी हे गणित नीट बघा. 100 एलोचा फरक म्हणजे वरचा बॉट साधारण 64 टक्के डाव जिंकतो. म्हणजे शंभरात छत्तीस वेळा खालचा जिंकतो! 200 चा फरक असेल तर 76 टक्के. आता 25 डाव खेळवले तर जिंकण्याच्या टक्केवारीतली स्टँडर्ड एरर, म्हणजे नशिबाने होणारी साधारण चूक, 10 टक्के असते, त्यात 64 अन् 50 चा फरक दिसला तरी तो नशिबाचा असू शकतो, 100 डाव झाले की ती एरर 5 टक्क्यांवर येते अन् तेव्हा कुठे छातीठोक बोलता येतं. हे शंभर डाव, अन् तेही वेगवेगळ्या शैलीच्या प्रतिस्पर्ध्यांशी, घरी बसून जमवणं अवघड आहे. घरी आपण आपल्याच बॉटची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशी खेळवतो अन् 70 टक्के जिंकली की खूश होतो, पण आपल्याच भावाला हरवायला शिकली म्हणून बाहेरच्याला हरवेल असं काही नाही. सीजीओएसचं साडेचारपैकी निम्मं श्रेय मी या एका कारणाला देतो.

नियमांबद्दल जरा बारकाईने लिहितो कारण टूर्नामेंट घेणाऱ्यांची डोकेदुखी इथेच असते. माणसं गो खेळतात तेव्हा शेवटी दोघं पास म्हणतात अन् आपसात ठरवतात की या गोट्या मेलेल्या, म्हणजे घेरल्या जाऊन उचलल्या जाणारच अशा, अन् या जिवंत. दोन बॉटमध्ये हे ठरवणार कोण? एक म्हणतो कोपऱ्यातला गट मेला, दुसरा म्हणतो जिवंत आहे. सीजीओएसने हा प्रश्नच ठेवला नाही. तिथे ट्रॉम्प-टेलर नियम आहेत, दोघांनी पास केलं की पटावर जे आहे ते सगळं जिवंत धरायचं अन् मोजायचं. समोरच्याचा गट मेलेला आहे असं वाटतं ना, मग पास करायच्या आधी तो उचलून दाखव. एरिया मोजणी (पटावरच्या गोट्या अन् घेरलेली जागा दोन्ही मोजणं) असल्यामुळे आपल्याच जागेत जास्तीच्या चाली खेळल्याने नुकसान होत नाही, म्हणून हे चालतं. शिवाय पोझिशनल सुपरको, म्हणजे आधी येऊन गेलेली पटाची स्थिती परत आणता येत नाही, साधा को, म्हणजे फक्त लगेच मागची स्थिती परत न आणण्याचा नियम, सांभाळणारा नवखा बॉट इथे बेकायदा चाल खेळतो अन् डाव घालवतो. बॉट लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे दोन्ही तपासून घ्यावं. माझ्या मते कम्प्युटर स्पर्धेसाठी यापेक्षा स्वच्छ नियम नाहीत, पंच लागतच नाही.

केजीएस या दुसऱ्या सर्व्हरवर वेगळी पद्धत होती अन् ती पण समजून घेण्यासारखी आहे. तिथे माणसांसारखंच मेलेल्या गोट्यांवर एकमत घ्यायचं, जीटीपीतल्या फायनल-स्टेटस-लिस्ट कमांडने प्रत्येक बॉट आपलं मत देतो, अन् नाही पटलं तर क्लीनअपचा टप्पा येतो, त्यात बॉटने मेलेल्या गोट्या खरोखर उचलेपर्यंत खेळायचं. ज्याच्या बॉटला ही क्लीनअपची कमांड येत नाही त्याला त्रास. माणसांबरोबर खेळायचं असेल तर हे सगळं लिहावंच लागतं, नुसत्या बॉट-बॉट स्पर्धेसाठी मात्र मला हा जास्तीचा भार वाटतो.

पण केजीएसचीच एक गोष्ट अशी आहे जी सीजीओएसकडे नाही, अन् या रिव्ह्यूचा मुद्दाच तो आहे. 2005 पासून कित्येक वर्षं निक वेड नावाचे गृहस्थ केजीएसवर दर महिन्याला बॉटची टूर्नामेंट घ्यायचे. तारीख आधी जाहीर. पट कोणता, वेळ किती, स्विस की राउंड रॉबिन (प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव), सगळं आधी जाहीर. ईमेल करून नाव द्यायचं, क्लायंटमध्ये टूर्नामेंट मोड लावायचा, अन् ठरलेल्या वेळी सर्व्हर जोड्या लावायचा. संपल्यावर ते रिपोर्ट लिहायचे, कोण कोणाला कसं हरलं, कोणत्या डावात काय गंमत झाली. वर्षातून एकदा लांब वेळेची संथ स्पर्धा वेगळी. आता तुम्ही काळ आठवा. 2006 मध्ये माँटे कार्लोची, म्हणजे नशिबाने डाव खेळून पाहून चाल ठरवायच्या पद्धतीची, लाट आली, त्याच वर्षी क्रेझी स्टोनने तुरीनच्या कम्प्युटर ऑलिम्पियाडमध्ये 9 बाय 9 चं सुवर्ण घेतलं, कोचिश अन् सेपेशवारी यांचा यूसीटी या त्यातल्याच शोध-पद्धतीवरचा पेपर आला, फ्रान्सचा मोगो हा प्रोग्रॅम आला. 2008 च्या ऑगस्टमध्ये मोगोने 800 कोअर वापरून नऊ गोट्यांच्या हँडिकॅपवर (म्हणजे सुरुवातीलाच नऊ गोट्या पटावर ठेवायला मिळून) किम म्युंगवान या प्रोला हरवलं, 2012 मध्ये झेन या प्रोग्रॅमने चार गोट्यांवर प्रो ताकेमिया मासाकींना, 2013 मध्ये क्रेझी स्टोनने चार गोट्यांवर प्रो इशिदा योशिओंना. नऊवरून चारवर! अन् मार्च 2016 ला सोलमध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने कोरियाच्या अव्वल प्रो ली सेडोलला 4-1 हरवलं. हे दहा वर्षांचं चढण ज्या लोकांनी चढलं त्यातले कितीतरी जण दर महिन्याला एका ठरलेल्या रविवारी एकमेकांसमोर बॉट घेऊन बसत होते, डाव चालू असताना गप्पा मारत होते, माझा बॉट इथे शिडी (गोट्या पळवत-पकडत नेणारी चालींची मालिका) चुकला, तुझा कसा नाही चुकला, असं.

रेटिंगच्या यादीतून हे मिळत नाही. सीजीओएसवर डाव रात्री तीनला होतो, कोणी पाहत नाही, आकडा दोनने वाढतो नाहीतर तीनने कमी होतो. सुरुवात नाही, शेवट नाही, कोणी जिंकत नाही. अन् खरं सांगू का, घरी बसून फावल्या वेळात बॉट लिहिणाऱ्याला तारीख लागते. तारीख असली की तो आदल्या आठवड्यात बसून तो राहिलेला बग काढतो. आमच्या ग्रुपमध्ये हेच झालं, यादीवर बॉट लावून सगळे थंड पडले होते, महिन्याचा एक रविवार ठरवू म्हटल्यावर परत कोड लिहायला लागले. केजीएसवरच्या त्या मासिक स्पर्धा पुढे बंद पडल्या अन् ती जागा रिकामीच आहे असं मला वाटतं.

मग आम्ही काय मांडून राहिलो ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर होईल. सीजीओएसचा सर्व्हर कोड खुला आहे, तो भाड्याच्या छोट्या क्लाउड मशीनवर चढवता येतो, सर्व्हरला स्वतः विचार करायचा नसतो, फक्त चाली इकडून तिकडे द्यायच्या, त्यामुळे सगळ्यात स्वस्त मशीन पुरतं. जोड्या मात्र त्याच्या त्याला लावू द्यायच्या नाहीत, तो रेटिंगवरून लावतो, आम्हाला राउंड रॉबिन हवं, तेवढा भाग बदलायचं काम चालू आहे. जीटीपी, ट्रॉम्प-टेलर नियम, घड्याळ, एसजीएफ, हे सगळं जसंच्या तसं. यात मोठा फायदा असा की ज्याचा बॉट मुख्य सीजीओएसवर चालतो तो आमच्याकडे कॉन्फिगमध्ये फक्त पत्ता बदलून चालतो, नवीन काही लिहायचं नाही.

पट अन् वेळ. 8 बॉट धरा. राउंड रॉबिन म्हणजे 7 राउंड, 28 डाव. 19 बाय 19 वर दोघांना 30-30 मिनिटं दिली तर राउंड एक तास, सात तास बसणार कोण? 15-15 दिली तर अर्धा तास, मध्ये पाच मिनिटांची गॅप, तरी चार तास गेलेच. 9 बाय 9 वर 5-5 मिनिटं, दहा मिनिटांत राउंड, मग दुहेरी राउंड रॉबिन घेता येतं, 14 राउंड, 56 डाव, प्रत्येकाला प्रत्येकासमोर एकदा काळा एकदा पांढरा, अन् गॅप धरून साडेतीन तासात आटोपतं. म्हणून आमचं ठरलं की एक महिना 9 बाय 9 दुहेरी, पुढचा महिना 13 बाय 13 एकेरी, अन् 19 बाय 19 तीन महिन्यांतून एकदा, स्विस पद्धतीने पाचच राउंड. काकांचं म्हणणं होतं की सोळाच्या आत बॉट असतील तर स्विसच्या भानगडीत पडूच नका, टायब्रेकवर भांडणं होतात, राउंड रॉबिनमध्ये कोणी काही बोलू शकत नाही. मला ते पटतं, पण 19 बाय 19 ला पर्याय नाही.

9 बाय 9 ला कोमी किती हा पण विचार करा. ताकदवान बॉटच्या विश्लेषणातून 9 बाय 9 वर एरिया मोजणीने बरोबरीची कोमी 7 निघते. साडेसात ठेवली तर चांगल्या दोन बॉटमध्ये पांढऱ्याचं पारडं जड, साडेसहा ठेवली तर काळ्याचं, सात ठेवली तर ड्रॉ होतात. दुहेरी राउंड रॉबिनमध्ये रंगाचा फायदा फिटतो म्हणून आम्ही सातच ठेवली, ड्रॉला अर्धा गुण, बुद्धिबळासारखंच, इथल्या लोकांना ते पटकन कळतं पण.

वेळ कोणती, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली कारण बाहेरचे चार-पाच जण आले तरच स्पर्धेला मजा. रविवार नक्की. आपली संध्याकाळची साडेचारची वेळ म्हणजे 11:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), तेव्हा टोकियोत रात्रीचे आठ, लंडनला अकरा-बारा, पण न्यूयॉर्कला पहाटे सहा-सात. आपली रात्री साडेआठची वेळ म्हणजे 15:00 यूटीसी, अमेरिकेत सकाळ, युरोपात दुपार, पण टोकियोत मध्यरात्र. बॉट स्वतः खेळतो, पण माणूस जागा लागतो, प्रोग्रॅम अडकला तर परत सुरू कोण करणार. एकच वेळ सगळ्यांना सोयीची नाहीच, मग आलटून पालटून, एक महिना 11:00, एक महिना 15:00. अन् जाहीर करताना फक्त यूटीसी लिहायचं, कारण आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं पण युरोप-अमेरिकेचं मार्चमध्ये अन् शरद ऋतूत एक तास सरकतं, अन् तेही दोघांचं वेगवेगळ्या आठवड्यात.

आता आजच्या काळातला सगळ्यात अवघड प्रश्न, जो 2008 मध्ये नव्हता. तेव्हा प्रत्येक बॉट वेगळ्या माणसाने वेगळ्या डोक्याने लिहिलेला होता. मेनी फेसेस ऑफ गो डेव्हिड फॉटलंडचा, फ्युएगो अल्बर्टा युनिव्हर्सिटीचा, पाची पेट्र बाउडिशचा, झेन योजी ओजिमाचा. आता काटागो आहे, डेव्हिड वू यांनी 2019 ला आणलेला, कोड खुला, नेटवर्क खुली, साध्या पीसीवर पण बसतो, अन् इतका भारी की कोणीही तो उतरवून घेतो अन् स्पर्धेला येतो. आठपैकी पाच जणांनी तेच नेटवर्क आणलं तर ती गो प्रोग्रॅमची स्पर्धा राहत नाही, ग्राफिक्स कार्डांची स्पर्धा होते, ज्याच्याकडे महागाचं कार्ड तो जिंकला. काटागोबद्दल मला नितांत आदर आहे, त्याच्यामुळे तर आमच्यासारखे शिकले, पण म्हणूनच त्याला एकच जागा द्यायची असं आम्ही ठरवलंय, प्रत्येक स्पर्धेत काटागो एकच, ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे चालीला ठरावीक व्हिजिट (किती पोझिशन तपासायच्या तो आकडा), अन् तो आयोजकांकडून, बक्षिसाच्या बाहेर. तो मापाची काठी. बाकी सगळे स्वतःचे. स्वतःचं म्हणजे काय याची व्याख्या पण साधी ठेवली, सर्च, म्हणजे चाल शोधणारा भाग, तुम्ही लिहिलेला हवा किंवा नेटवर्क तुम्ही ट्रेन केलेलं हवं, दोन्हीपैकी एक तरी. दोन्ही दुसऱ्याचं असेल तर पाहुणा म्हणून या, डाव खेळा, टेबलमध्ये नाव येणार नाही.

हार्डवेअरवर बंदी नाही, तपासता येत नाही तिथे नियम करून उपयोग नसतो. पण नाव देताना कोणतं मशीन ते लिहायचं, अन् निकालात बॉटच्या नावापुढे ते छापायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरून कोणी तिसरा आला तर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ते काय काम आहे.

बाकी पर्याय थोडक्यात. ओजीएस हा माणसांनी ऑनलाइन गो खेळायचा सर्व्हर चांगला आहे, जीटीपी-टू-ओजीएस नावाचा जोडणीचा प्रोग्रॅम मिळतो, खातं बॉटचं म्हणून मॉडरेटरकडून करून घ्यावं लागतं, अन् मग माणसं तुमच्या बॉटशी खेळतात, लोकांना आवडतो का, विचित्र खेळतो का, हे कळायला तेच बरं. स्पर्धेसाठी नाही. आपल्याच मशीनवर दोन बॉट लढवायचे असतील तर गोगुई या प्रोग्रॅममधलं टू-जीटीपी मस्त चालतं, शंभर डाव लावून झोपा, सकाळी तक्ता तयार. पण सगळे एका मशीनवर असावे लागतात, त्यामुळे दुसऱ्या गावच्या माणसाला आपला बॉट आपल्याकडे पाठवावा लागतो, जे लोक करत नाहीत.

सीजीओएसबद्दल अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, वेबपेज फार साधं आहे, मोबाइलवर टेबल वाचायला त्रास होतो, पण लवकर उघडतं, आमच्याकडच्या दुपारच्या नेटवर पण. दोन, खालच्या दर्जाचे प्रतिस्पर्धी कमी असतात. जोडलेले बरेचसे बॉट आता खूप ताकदवान आहेत, नवखा बॉट लावला तर तो ओळीने हरतो अन् ओळीने हरल्यावर रेटिंगमधून काही कळत नाही, 400 एलोचा फरक असला की वरचा 91 टक्के जिंकतो, म्हणजे तुम्ही दहातला एखादाच घेणार. उपाय म्हणजे स्वतःच दुसऱ्या मशीनवरून ग्नू गो लावा, जुना आहे, शेवटची मोठी आवृत्ती 3.8 ही 2009 ची, पण नवख्यासाठी तो अजून फार चांगला सोबती आहे, झपाट्याने खेळतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही, अन् त्याच्याशी निम्मे डाव जिंकायला लागलात की पुढे जायला हरकत नाही. त्याला रँडम सीड (चालींमधला फरक ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलून द्यायला मात्र विसरू नका, दोन्ही बॉट ठरावीक खेळणारे असले तर तोच डाव परत परत होतो अन् शंभर डावांची माहिती एका डावाएवढी राहते.

तर ज्यांना बॉट लिहायचा आहे त्यांनी आधी 9 बाय 9 वर सीजीओएसला जोडा, बेकायदा चाल अन् वेळेवर हरणं हे दोन्ही शून्यावर आणा, रेटिंग नंतर पाहा. आठवडाभर न अडकता चालला की आमच्या महिन्याच्या रविवारी चालेल. नाव देताना तीनच गोष्टी लागतात, बॉटचं नाव, मशीन कोणतं, अन् सर्च अन् नेटवर्क यातलं तुमचं स्वतःचं काय. नागपुरातले असाल तर डाव पाहायला प्रत्यक्ष या, धरमपेठेत एका मित्राच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतो, तर्रीपोहे आहेत, काका प्रत्येक राउंडनंतर निकालाचा तक्ता भिंतीवर हाताने लिहितात अन् शाळेतली चार-पाच पोरं त्यांच्या मागे उभी राहून पुढच्या राउंडला कोणाची कोणाशी जोडी लागेल ते आधीच सांगून मोकळी होतात.